खोडीचं जनावर

मारेगावला आम्ही ज्यांच्या घरी भाड्यानं राहायचो ते गृहस्थ भेटल्याबरोबर समोरच्याचा कान धरत. रागानं नव्हे. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून त्यांची तीस वर्षं नोकरी झाली होती. जनावर दारात आलं की आधी त्याच्या कानाला हात लावायचा, कान थंड लागला की समजायचं आजारी आहे, ही त्यांची पहिली तपासणी. तीच सवय माणसांवरही चालायची. पोस्टमनचा कान, दूधवाल्याचा कान, एकदा तर नवीनच बदलून आलेल्या तलाठ्याचा कान. तलाठी बिचारा हादरलाच. "गरम हाय, काई नाई," असं त्याला सांगून हे पुढं निघून गेले.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. बाकी सारं गाव 'ढोरडॉक्टर' म्हणे, आणि दवाखान्यातले खरे डॉक्टर त्यावर मनातल्या मनात जळत. जनावराशी काका अहोजाहो करत. "या बाई, बसा, पाय दाखवा जरा," असं म्हशीला, आणि म्हशीच्या मालकाला, "अबे धर ना नीट!" असं का, म्हणून मी एकदा विचारलं. "त्याले तोंड हाय, मले उलटून बोलू शकते. हिले बोलता येत नाई. मंग अदब कोनासंग ठेवाची, सांग."

एक काम मात्र ते करत नसत. दवाखान्याच्या आवारात जनावर दगावलं तर त्याला हात लावायचे नाहीत. एका साहेबानं याबद्दल लेखी खुलासा मागितला. काका कागद घेऊन साहेबासमोर उभे राहिले आणि तोंडीच म्हणाले, "माह्या आज्यानं जिंदगीभर गावची मेलेली ढोरं ओढली. आमी बौद्ध झालो त्या साली बापानं दोर फेकून देला. जित्याचं सारं करतो मी साहेब. शेन काढतो, पू काढतो. मेलेल्यासाठी दुसरा मानूस पाहा." साहेबानं दुसरा माणूस पाहिला.

आमच्या नातेवाइकांपैकी काहींनी, यांच्या घरी कशाला राहता, म्हणून नाकं मुरडली होती. बाबांनी विहिरीचं पाणी चाखून पाहिलं, गोड निघालं, आणि सामान हलवलं. काकांची बायको वारलेली, एकुलती लेक वणीला दिलेली. मागच्या परसात सहासात जनावरं कायम असत आणि त्यातलं एकही धड नव्हतं. एक बकरी दातांनी कुठलीही गाठ सोडायची. एक कोंबडी फक्त लोकांच्या चपलांत अंडी घालायची. एक कुत्रा तीन पायांचा, आणि चौथा पाय असल्यासारखा रुबाब करणारा. मालकांनी कंटाळून दवाखान्यात सोडून दिलेली ही सगळी मंडळी. अधूनमधून त्यातलं एखादं जनावर नाहीसं व्हायचं. मला चौकशीची खोड आहे आणि मन पहिल्यापासून संशयी. मला वाटलं, हा माणूस गुपचूप खाटकाला विकतो. म्हणून एके दिवशी मी त्यांच्या मागोमाग गेले.

काका बकरी घेऊन गेले ते बसस्टँडमागच्या एका म्हातारीकडे. ती वर्षं आठवतात का? कापसाचं सगळंच बिनसलं होतं. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि चांगल्या कारणासाठी कधीच नाही. बैलजोड्या गेल्या, पोरं बायकामुलांना घेऊन मिळेल त्या शहरात कामाला गेली, आणि घरोघरी एक म्हातारं माणूस मागं उरलं. दिवसभर त्याला हाक मारणारं कोणी नव्हतं. ही म्हातारीही तशीच. दोन्ही मुलं बाहेर. तिनं चूल पेटवणं सोडून दिलं होतं. शेजारीण देईल ते खायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

"मावशी," काका दारातूनच म्हणाले, "मी लेकीकडं वनीले जाऊन राह्यलो. ही बकरी सांभाळता काय चार दिवस? दुसऱ्या कोनाजवळ राहतच नाई ती." उत्तराची वाट न पाहता त्यांनी बकरी खांबाला बांधली आणि निघाले. वाटेत मी त्यांना गाठलं. त्यांना काहीच आश्चर्य वाटलं नाही.

"आलीच हायस तं एक काम कर," ते म्हणाले. "मी घरात जातो. तू बाहेरून कुलूप लाव."

लेकीकडे गेलेला माणूस गावात दिसून कसं चालेल? म्हणून दर वेळी काका रजा टाकायचे, स्वतःला घरात कोंडून घ्यायचे आणि चोरासारखे मागच्या खिडकीतून उजेडाला तोंड दाखवायचे. आधी कुलूप कोण लावायचं ते मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ते काम माझं झालं. खिडकीतून भाकर-बेसन आत देणं, हेही माझंच. गावाच्या समजुतीप्रमाणे काका महिन्यातून एकदा तरी वणीला जात. खरं म्हणजे लेकीला ते वर्षाकाठी एकदा भेटत, आणि ती तणतणत असे. वैशाखातलं ऊन, वर टिनाचं छप्पर, आत हे घामानं निथळत बसलेले. म्हटलं, "अहो, सरळ बकरी देऊन टाका ना. हे नाटक कशाला?"

"देली तं दया होते," ते म्हणाले. "दया कोनाले पचत नाई. सांभाळता काय म्हनलं का उपकार त्याईचा होते, आपला नाई."

नवव्या दिवशी म्हातारी आली. अख्खं गाव ओलांडून, बकरीला ओढत, कुलूप लावलेल्या दारासमोर उभी राहिली आणि जी सुरू झाली! "कुठी गेला थो ढोरडॉक्टर? माह्या लुगड्याचा पदर खाल्ला या भवानीनं! शेजारच्याच्या मेथीत गेली, मले बोलनी बसली! गाठ म्हनून ठेवत नाई. म्हनतो चार दिवस, आन नऊ दिवस झाले!"

काकांनी मला पढवून ठेवलं होतं. मी म्हटलं, "आजी, मग ठेवून जा इथंच. मी बांधते."

म्हातारीनं दावं घट्ट धरलं. "तुह्याजवळ? कायले? तू पानी पाजशीन काय टायमावर?" आणि आली तशी बकरीला ओढत परत गेली. आतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मी खिडकीशी गेले तर काका स्वतःच्या मांडीवर थापा मारत होते. "आली ना तक्रार? आन बकरी बी नाई सोडली? लागलं बाप्पा औषध!"

तक्रार येईपर्यंत माणूस बरा नाही, हे त्यांचं शास्त्र. आणि तक्रार येण्यासाठी जनावर खोडीचंच हवं. "गरीब जनावर देलं तं मानूस त्याच्याकडं पाहत बसते आन दोघंबी झुरते. खोडीचं असलं का मागं धावा लागते, शिव्या द्या लागते. शिव्या द्याले ताकद लागते बाई. ताकदीसाठी जेवा लागते."

परवा एका मासिकात वाचलं की मोठ्या शहरांत वृद्धांच्या आश्रमात कुत्री नेतात, म्हातारी माणसं त्यांना कुरवाळतात, आणि या प्रकाराला पेट थेरपी म्हणतात. फोटोतला कुत्रा इतका शहाणा दिसत होता की काकांनी त्याला नापास केलं असतं.

त्यांचे सगळेच प्रयोग साधले असं नाही. एका एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला त्यांनी ती चपलेत अंडी घालणारी कोंबडी दिली. चार दिवसांनी म्हाताऱ्याचा निरोप आला: संध्याकाळी जेवायला या. काका गेले, तर ताटात कोंबडीच. मला वाटलं आता हे खट्टू होतील. पण ते बोटं चाटत परत आले. "रस्सा झकास झालता. वरसभरानं त्यानं मसाला वाटला म्हनते. असं बी औषध लागते, मले काय माहीत!" आणि एका निवृत्त गुरुजींना तो तीन पायांचा कुत्रा दिला, तर गुरुजी पंधरा दिवसांतच गेले. काकांनी कुत्र्याला परत आणलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "औषध हाय बाई, अमृत नाई."

हे सगळं मी गंमत म्हणून पाहत होते. मग ते आमच्या घरात आलं.

बाबा जिनिंगमध्ये मापारी होते. शेतकऱ्यांचा कापूस आला की तो काट्यावर मोजून घ्यायचा, हे काम त्यांनी पस्तीस हंगाम केलं. हमालानं बोचकं पाठीवर घेतलं की बाबा लांबूनच आकडा सांगायचे आणि काटा तोच आकडा दाखवायचा. मग कापूस येईनासा झाला, जिनिंगच्या फाटकाला कुलूप लागलं, आणि बाबा घरी येऊन ओट्यावरच्या खुर्चीत बसले. पहिले काही दिवस वाटलं, दमलेत. मग त्यांचं बोलणंच थांबलं. ताट वाढून मी समोर बसून राहिले तर चार घास खायचे. मी उठले की तेही उठायचे. आई मी दहावीत असतानाच गेली होती. घरात आम्ही दोघंच.

त्यातच मला मास्तरणीच्या नोकरीची ऑर्डर आली. झरी जामणी तालुक्यातली आश्रमशाळा, राहायचं तिथंच, महिन्याभरात हजर व्हायचं. दोन वर्षं मी या कागदाची वाट पाहिली होती. तो मी पिठाच्या डब्याखाली दडवला आणि बाबांना काही सांगितलं नाही. मी गेले तर हा माणूस उपाशी मरणार, याची मला खात्री होती. नाही गेले तर नोकरी जाणार, आणि मिळकत बंद झालेल्या घरात दुसरी कुठून येणार? रात्री मी कूस बदलत पडायचे आणि सकाळी कळशी घेऊन विहिरीवर जायचे.

तिथंच काकांनी माझा कान धरला. "थंडा हाय," म्हणाले. मी रडले आणि सगळं सांगून टाकलं. हजर व्हायला अठरा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक काळी गाभण बकरी आणून आमच्या ओट्याच्या खांबाला बांधली. वणीचं नेहमीचं भाषण झालं. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "तू हिले पानी पाजू नको," काकांनी मला बजावलं. "पाजशीन तं औषध तुलेच लागंन." या बकरीची खोड म्हणजे ती अखंड ओरडायची. दोन दिवस ती ओरडली, बाबा ढिम्म, आणि मी आत कानात बोटं घालून बसलेली. बाबा अंघोळीला गेले की काका, वणीला गेलेले काका, मागच्या दारानं येऊन तिला पाणी आणि पाला देऊन पळत. मला त्यांचाही राग आला आणि बाबांचाही.

तिसऱ्या दिवशी काका उघडपणे ओट्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्याशी बोलल्यासारखं करून म्हणाले, "बकरी मोठी दमदार हाय. चाळीस किलोच्या खाली नसंन."

मी काही बोलणार तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. "अठ्ठावीस."

चार महिन्यांत बाबा पहिल्यांदा बोलले होते. मी हातातलं धान्याचं सूप खाली ठेवलं.

"छ्या," काका म्हणाले. "चाळीस. मी काय आज बकऱ्या पाहून राह्यलो काय?"

"अठ्ठावीस. गाभन हाय म्हनून. नाई तं पंचवीसच." आणि बाबा उठले. चप्पल घातली, बकरीचं दावं सोडलं आणि चालू लागले. मागून काका, मागून मी. चौकातल्या धान्याच्या दुकानात पोती मोजायचा काटा होता, तिथं सगळे पोचलो. बकरी काही काट्यावर ठरेना. बाबांनी तिला उचलून छातीशी धरलं आणि स्वतःच वर चढले. दुकानदारानं वाचलं, एकोणऐंशी. बाबांनी बकरी काकांच्या हातात दिली आणि एकटे चढले. एक्कावन्न.

एकोणऐंशीतून एक्कावन्न गेले, अठ्ठावीस राहिले. पैज जिंकली होती. पण बाबांचं लक्ष बकरीकडे नव्हतंच.

"काटा खोटा हाय तुमचा," ते दुकानदाराला म्हणाले.

जिनिंगमध्ये रोज सकाळी पहिलं बोचकं यायच्या आधी बाबा स्वतः काट्यावर उभे राहून काटा तपासत. त्रेसष्ट. पस्तीस वर्षांत तो आकडा किलोभरही हलला नव्हता. दुकानदारानं लोखंडी वजनं आणली. बाबांनी वीस ठेवलं, वीस दाखवलं. चाळीस ठेवलं, चाळीस. काटा खरा होता. ते पुन्हा वर चढले आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. मागं गिऱ्हाईकं खोळंबली. मी रोज चार महिने जे सांगत होते, बाबा, तुम्ही वाळून चाललात, ते त्यांना तेव्हा पटलं. माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, काट्यावर होता.

उतरल्यावर ते मला म्हणाले, "रातच्याले भाकर जास्त टाकजो." मग काकांकडे वळून, "आन हिले दोन दिवस धड चारा देला नाई तुमी. पोट पाहा हिचं."

घरी आल्यावर मी काकांना खोदून विचारलं. चाळीस कसं म्हणालात? ते हसले. "जंताचं औषध वजनावर द्या लागते बाई. तीस वर्षं मी तेच करून राह्यलो. मले बकरीचं वजन समजत नाई काय?" मग म्हणाले, "पन त्याचं स्वतःचं वजन निंघंन, हे मले नोतं सुचलं. हे आपोआप झालं." त्या गोष्टीचं त्यांना पुढं कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. प्रत्येकाला ते सांगायचे.

बाबा आता सकाळी पाला आणायला जाऊ लागले, बोरीचा, बाभळीचा. येताना दुकानात जाऊन आधी स्वतःला मोजत. बावन्न. साडेबावन्न. मी समोर बसून न राहताही ताट रिकामं होऊ लागलं. मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते. पण काका मान हलवायचे. "तक्रार नाई केली त्यानं अजून. बकरी दिवसभर बोंबलते आन हा हूं का चूं करत नाई. नाई लागलं औषध. तू गेली का पुन्हा खुर्चीत बसंन हा." मग मीही घाबरायचे. मी रोज बाबांना मुद्दाम विचारायचे, बकरी फार ओरडते नाही हो? ते म्हणायचे, ओरडू दे. एकेक दिवस सरत होता. मी ट्रंक भरायचे आणि रिकामी करायचे.

हजर व्हायची मुदत संपायला एक दिवस उरला. संध्याकाळी काका आमच्या ओट्यावर बसलेले, मी झाडत होते. बाबा पाल्याचा भारा घेऊन आले, तो टाकला आणि काकांसमोर एकदम सुरूच झाले.

"काय पोरगी हाय हो ही! पाला ओलाच टाकते बकरीसमोर. पोटुशी बकरी, तिच्या अंगावरून झाडू फिरवते. आन दिवसभर माह्या मागं. जेवले काय, झोपले काय, बकरी लय ओरडते काय. बकरी परवडली, इतकी ओरडत नाई ती! महिना होऊन राह्यला हिची ऑर्डर येऊन. पिठाच्या डब्याखाली ठेवून मले येडा समजते. जात काहून नाई ही?"

मी झाडू हातात धरून उभी. मला धक्का बसला होता आणि अपमानही वाटला होता. काका मात्र हळूच उठले, माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आली बाई तक्रार. मी बकरीची वाट पाहून राह्यलतो, त्यानं तुहीच केली. जाय आता. ट्रंक भर."

मी ट्रंक भरली. सकाळी बकरी बेचैन होती, पाय आपटत होती, खाली बसत होती, उठत होती. काका तिच्यापाशी बसलेले. "तू हो पुढं," बाबा म्हणाले. "मी येतो मागून." मी ऑटोनं स्टँडवर गेले. झरीची गाडी लागलेलीच होती. ट्रंक वर चढवली, खिडकीची जागा धरली आणि शेजारच्या सीटवर रुमाल टाकला. गाडी सुटेपर्यंत बाबा तिथं बसतील, काहीतरी बोलतील, असं मनात होतं. आई गेल्यापासून मी त्यांना सोडून एक रात्रही कुठं राहिले नव्हते. काय बोलतील ते मला ऐकायचं होतं.

गाडी भरत चालली. एकदोघांनी रुमालाकडे पाहिलं आणि मागं गेले. मग सायकलवरून काका आले. पायात चप्पल नाही, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर सरकवलेल्या.

"एक झालं," खिडकीखाली उभं राहून ते धापा टाकत म्हणाले. "पाट हाय, मादी. दुसरं येऊन राह्यलं."

"मग तुम्ही इथं कसे? आणि बाबा?"

"त्यानंच हाकललं मले. म्हने, तुमी जा, पोरीले सांगा, माह्यानं येनं नाई होत, हिले सोडून कसा येऊ. तीस वर्षं झाली मले बकऱ्याईचं बाळंतपन करून, आन या मापाऱ्यानं मले ओट्याखाली उतरवलं!" असा अपमान होऊन इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्यांना परत जायची घाई होती. दुसरं पिल्लू बघायचं होतं त्यांना. मी काही बोलायच्या आत सायकल वळवून ते गेलेसुद्धा.

मला फार राग आला. एकुलती एक लेक पहिल्यांदा घराबाहेर निघते आणि बाप बकरीपाशी. घंटी वाजली, गाडी हलली. एक बाई कडेवर लेकरू घेऊन शेजारी येऊन उभी राहिली.

"कोनी येनार हाय काय अठी?"

"नाही," मी म्हणाले आणि रुमाल उचलून घेतला. मला रडू येत होतं आणि फार बरंही वाटत होतं.